मुख्याध्यापकांची उभारी आणि स्वास्थ्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मुंबईतल्या एका अनुदानित मराठी शाळेत २९ वर्षं होते. त्यातली शेवटची ११ वर्षं मुख्याध्यापिका म्हणून गेली. २०२२ मध्ये निवृत्त झाल्यापासून दर महिन्याच्या एका शनिवारी आम्ही काही आजी-माजी मुख्याध्यापक दादरला भेटतो. तिथे, फोनवर आणि कधी लोकलच्या डब्यात उभ्या उभ्या जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते इथे उतरवले आहेत. मी डॉक्टर नाही. जिथे डॉक्टरांचं काम आहे, तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे.

ताण तर सगळ्याच शिक्षकांना असतो. मुख्याध्यापकांचा वेगळा विचार कशाला?

शिक्षकांना स्टाफरूम असते, म्हणून.

पदभार घेतल्यानंतरच्या पहिल्याच सोमवारी मधल्या सुट्टीत मी डबा घेऊन नेहमीच्या टेबलाकडे गेले. त्या टेबलावर मी १८ वर्षं जेवले होते. मी आत शिरले आणि चालू असलेलं बोलणं थांबलं. कुणी खुर्ची पुढे केली, कुणी पाण्याची बाटली सरकवली, सगळं आदरानेच. माझी जिवाभावाची मैत्रीण, जी मला आदल्या शुक्रवारपर्यंत 'अगं' म्हणत होती, ती म्हणाली, "अहो बाई, बसा ना." कुणाचंच चुकलं नव्हतं. मंगळवारपासून मी डबा केबिनमध्येच उघडायला लागले.

शिक्षकाला वर्गात त्रास झाला, तर तो पुढच्या ऑफ तासाला कुणाला तरी सांगून मोकळा होतो. मुख्याध्यापकाला चार बाजू असतात: संस्थाचालक, शिक्षण विभाग, पालक आणि शिक्षक. चौघांचंही ऐकायचं असतं आणि एकाचं दुसऱ्याला सांगायचं नसतं. पगारपत्रकातली चूक, एखाद्या शिक्षकाचं घरचं भांडण, विश्वस्तांचा रोष, एखाद्या मुलीने रडत सांगितलेली गोष्ट, सगळं पोटात ठेवून पाचव्या तासाच्या घंटेला हसतमुखाने व्हरांड्यात यावं लागतं. काम डोंगराएवढं आहेच, पण त्याखाली माणूस दबतो तो तिथे एकटा असतो म्हणून. खालची बरीचशी उत्तरं फिरून याच मुद्द्यावर येतील, कारण ११ वर्षांत मला हेच सर्वांत खरं वाटलं.

'रेझिलियन्स' म्हणजे सहनशक्तीच ना?

नाही, आणि हा गैरसमज महागात पडतो. सहनशक्ती म्हणजे दाब सोसत राहणं. मला 'उभारी' हा शब्द जास्त जवळचा वाटतो. आजारातून उठलेल्या माणसाला 'आता जरा उभारी आली' असं आपण म्हणतो. त्यात आजार झाला होता, माणूस पडला होता, हे मान्य केलेलं असतं.

एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी हवाईतल्या कवाई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा त्यांच्या चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचं आजारपण अशा अनेक अडचणींत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं मोठेपणी खंबीर, कर्तबगार, मायाळू माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात काय सापडलं? निदान एक तरी भरवशाचं माणूस. आजी, शेजारी, अनेकदा एखादी शिक्षिका. आपण मुलांसाठी ते माणूस होतो. आपल्यासाठी तसं कुणी आहे का, हे मात्र विचारत नाही.

उभारी कशी दिसते, ते मी २६ जुलै २००५ ला पाहिलं. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मी तेव्हा साधी शिक्षिका होते. आमची शाळा कुर्ल्याकडची, दुपारचं सत्र भरलेलं. चारच्या सुमारास पाणी फाटकाच्या पहिल्या पायरीला लागलं, वीज गेली, फोन बंद पडले. आमच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे तेव्हाच्या मुख्याध्यापिकांनी, सगळी मुलं वरच्या मजल्यावर नेली, जिन्यात बसून मेणबत्तीच्या उजेडात प्रत्येक मुलाचं नाव पाठकोऱ्या कागदांवर लिहून काढलं आणि आम्हा प्रत्येकीला एकेक खोली वाटून दिली. शिपाईमामांना मागच्या भिंतीवरून चाळीत पाठवलं. तासाभरात चाळीतून भाताची आणि आमटीची पातेली डोक्यावर घेऊन माणसं आली.

रात्री दोनच्या सुमारास मुलं झोपली. तेव्हा बाई आम्हाला म्हणाल्या, "मला भीती वाटतेय गं. कुणीतरी माझ्याजवळ बसा." त्यांच्याबद्दलचा आमचा आदर त्या क्षणी दुणावला. दुसऱ्या दिवशी शेवटचं मूल आईच्या हाती देऊन त्यांनी त्या यादीवर सही केली आणि मगच पायात चपला घातल्या.

मला नुसता थकवा आलाय की हा बर्नआउट आहे?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली. तिच्या मते तो आजार नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला न गेल्याने तो उद्भवतो. त्याच्या तीन खुणा: शक्ती पूर्ण संपल्यासारखी वाटणं, कामाबद्दल मन दुरावणं किंवा कडवटपणा येणं आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटू लागणं.

शाळेच्या भाषेत सांगते. साधा थकवा दिवाळीच्या सुट्टीत उतरतो. सुट्टी संपायच्या आदल्या रविवारी दुपारपासूनच पोटात गोळा येत असेल, तर विचार करा. पूर्वी ज्या मुलाला थांबवून 'का रे, जेवलास का?' विचारलं असतं, त्याच्या शेजारून तुम्ही न बघता पुढे गेलात, तर ती दुसरी खूण. शिक्षकाने नवीन कल्पना आणली आणि ती ऐकायच्या आधीच 'काही उपयोग नाही' असं तोंडून निघालं, तर तीही.

एक गोष्ट मात्र आधी करा: रक्ततपासणी. थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर, रक्तदाब. आपल्यातल्या बऱ्याच जणी पंचेचाळिशी-पन्नाशीत या खुर्चीवर येतात. पाळी जाण्याचा काळही तोच असतो आणि झोप, चिडचिड, विसरभोळेपणा यांचा दोष आपण सगळा शाळेला देतो. माझा रक्तदाब वाढलेला आहे हे मला दहावीच्या परीक्षेच्या दिवसांत चक्कर येऊन जिन्यात बसले तेव्हा कळलं. त्याआधी चार महिने डोकं दुखत होतं आणि मी गोळी घेऊन पेपरांचे गठ्ठे मोजत होते. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक आणि उत्साह तिन्ही गेलं असेल, तर ते नैराश्यही असू शकतं. तिथे माझ्यासारख्यांचा सल्ला पुरत नाही, डॉक्टरच हवेत.

दिवसभर व्हॉट्सअ‍ॅपवर 'तातडीची माहिती' मागवतात. शाळा चालवू की लिंक भरू?

हा प्रश्न आमच्या बैठकीत दर वेळी निघतो, म्हणून सविस्तर लिहिते. 'माहिती आज दुपारी ४ पर्यंत भरावी. निरंक असल्यास निरंक भरावी. विलंब झाल्यास जबाबदारी मुख्याध्यापकांची राहील.' हा मजकूर वाचून छातीत धस्स होत नाही असा मुख्याध्यापक मला अजून भेटलेला नाही. माहिती भरायची सरकारी पोर्टलंच किती: यू-डायस वेगळं, सरल वेगळं, शालार्थ वेगळं आणि वरून गुगल शीट.

पहिलं काम: ३० सप्टेंबरच्या पटाची एक पक्की शीट करून ठेवा. इयत्तावार, मुलगे-मुली, प्रवर्ग, आधार वैध-अवैध, दिव्यांग विद्यार्थी, खोल्या, स्वच्छतागृहं, प्रत्येक शिक्षकाची जन्मतारीख, नेमणुकीची तारीख, पात्रता. वर्षभरात मागवली जाणारी बहुतेक माहिती हीच असते, फक्त रकाने बदलून येते. ही शीट लिपिकाकडे आणि आणखी एका शिक्षकाकडे असावी. लिपिकाचं पदच नसेल, तर दोन शिक्षक महिन्याआड हे काम बघतील असं ठरवा आणि त्या महिन्यात त्यांचे बदली तास कमी करा. फुकटात उपकार म्हणून काम देऊ नका, त्यातूनच कुरबुर सुरू होते.

दुसरं: ग्रुप दिवसातून ठरलेल्या दोनच वेळी बघा. मी साडेअकरा आणि साडेतीनला बघत असे. खरी तातडी असेल तर फोन वाजतो. रात्री नऊनंतरचे निरोप सकाळी. सुरुवातीला मला फार अपराधी वाटायचं, तीनेक आठवड्यांत सवय झाली आणि कुठलंही आभाळ कोसळलं नाही. सकाळची वर्गांची फेरी फोन टेबलावर ठेवून मारा. मुख्याध्यापकाला दिवसभराचं बळ त्या वीस मिनिटांत मिळतं. पहिलीच्या वर्गात पाढे म्हणताना एखादं मूल तुमच्याकडे बघून हसतं, त्यासाठी तर आपण या पेशात आलो.

तिसरं, कायद्याचं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्याच्या कलम २७ नुसार शिक्षकांना दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच अशैक्षणिक कामं देता येतात. निवडणुकीचा आदेश आला की तो पाळावाच लागतो. तिथे वाद घालण्यात शक्ती घालवू नका, तासांची वाटणी आधी करा. या तिन्हींत न बसणारं काम आलं, तर लेखी आदेश नम्रपणे मागा आणि पत्राची पोच घ्या. एकट्याने मागायला संकोच वाटत असेल, तर मुख्याध्यापक संघामार्फत मागा.

पट दरवर्षी घसरतोय. मीच कुठेतरी कमी पडतेय असं वाटतं.

मराठी माध्यमातल्या जवळजवळ प्रत्येक मुख्याध्यापकाच्या मनात हा काटा आहे. जूनमध्ये पहिलीच्या वर्गात बाकं रिकामी बघताना काय होतं, ते मी चांगलं जाणते.

आधी जरा मागे जाऊन बघू या. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. गिरण्या गेल्या, चाळी गेल्या, टॉवर आले. लालबाग, परळ, शिवडीची कुटुंबं डोंबिवली, बदलापूर, विरारकडे सरकली. जे राहिले त्यांनी मुलांना इंग्रजी माध्यमात घातलं. परळच्या एका शाळेचा पट त्या शाळेच्या मुख्याध्यापिकेमुळे घसरला असं म्हणणं म्हणजे ओहोटीचा दोष कोळणीला देण्यासारखं आहे.

पण भीती खरी आहे, कारण तिच्यामागे पदांचं गणित आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे प्राथमिकला १५० हून जास्त मुलं असली तर मुख्याध्यापकाचं पद, उच्च प्राथमिकला १०० हून जास्त असली तर. संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं मंजूर होतात तेव्हा, एक आकडा खाली गेला की एखादा शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि ते त्याला सांगायचं काम तुमच्याकडे येतं.

इथे मला विवेकनिष्ठ मानसोपचाराचा खूप आधार झाला. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये मांडलेली ही पद्धत कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत पोहोचवली. एलिस यांचं म्हणणं असं की इच्छा जेव्हा हट्टाचं रूप घेते, तेव्हा माणूस कोलमडतो. मराठीत हा हट्ट एका अक्षरात सापडतो: 'च'. 'पट वाढावा असं मला मनापासून वाटतं' हे वाक्य म्हणून बघा. मग 'पट वाढलाच पाहिजे, नाहीतर मी नालायकच' हे म्हणून बघा. पहिल्यात माणूस कामाला लागतो, दुसऱ्यात रात्रभर छताकडे बघत राहतो. मी वर्षभर एक छोटी वही ठेवली होती. रात्री मनात घोळणारं वाक्य लिहायचं आणि त्यातला 'च' लाल पेनाने खोडायचा. पोरखेळ वाटेल, पण त्या वहीने मला झोप परत दिली.

मग हातात काय उरतं? बालवाडीच्या ताईंना भेटणं, वस्तीत सुट्टीच्या दिवशी जाणं, माजी विद्यार्थ्यांना शाळेत बोलावणं, सेमी-इंग्रजीचा निर्णय नीट घेणं. हे सगळं करावं. केल्यावर जो आकडा येईल, तो स्वतःच्या लायकीचं प्रमाणपत्र म्हणून वाचू नये.

पालक केबिनमध्ये येतात ते मोबाइल सुरू करूनच. हातपाय थरथरतात.

एकट्याने भेटू नका. पर्यवेक्षक किंवा एखादी ज्येष्ठ शिक्षिका सोबत बसवा. पालकांना बसायला सांगा, पाणी द्या, आणि पहिली पाच मिनिटं फक्त लिहून घ्या. लिहिणाऱ्या माणसावर फार वेळ ओरडता येत नाही. शेवटी लिहिलेलं वाचून दाखवा आणि अमुक दिवशी अमुक वाजता उत्तर देते असं सांगा. ती वेळ पाळा. आणि ते गेल्यावर लगेच पुढच्या फाइलला हात घालू नका. पटांगणात एक चक्कर मारून या.

मुलांच्या सुरक्षेची धास्ती झोपू देत नाही. काही झालं तर?

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराची घटना बाहेर आली, त्यानंतर मला एका आठवड्यात जेवढे फोन आले तेवढे कधीच आले नव्हते. ही धास्ती घालवायची नाही, तिला कामाला लावायचं.

कायदा काय सांगतो ते पाठ असू द्या. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी शंका असली, तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. आपल्या हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा संस्थाप्रमुखाने कळवला नाही, तर कलम २१ नुसार तुरुंगवासाची तरतूद आहे. खरं-खोटं ठरवणं हे तुमचं काम नाही. चौकशी समिती, संस्थेची बैठक, 'शाळेचं नाव जाईल' हा सल्ला, यांपैकी कशासाठीही थांबायचं नाही. मुलाचं ऐकायचं, पुन्हा पुन्हा वदवून घ्यायचं नाही, आणि कळवायचं. १०९८ ही चाइल्डलाइन चोवीस तास चालू असते.

हे मी मनःस्वास्थ्याच्या पानावर का लिहितेय? कारण मुख्याध्यापकाला सर्वांत जास्त पोखरतं ते 'सांगू की नको' हे झुलणं. काय करायचं ते आधी कागदावर लिहून, मुलांच्या सुरक्षेसाठी शाळेत असणाऱ्या सखी सावित्री समितीसमोर वाचून, केबिनच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं असेल, तर त्या क्षणी एकट्याने ठरवायचं काही उरत नाही. स्वच्छतागृहाकडे जाणारा रस्ता, सेवकांची पडताळणी, बसमधल्या ताई, कॅमेरे चालू आहेत की नुसते लटकताहेत, हे महिन्याच्या पहिल्या सोमवारी दोघांनी मिळून बघा आणि सही करा.

शाळेतला एखादा विद्यार्थी किंवा शिक्षक गेला, तर मी स्वतःला कसं सावरू?

या प्रश्नाला मी नेहमी हळूच उत्तर देते, कारण विचारणारा बहुतेक वेळा त्यातून जात असतो.

आमचा आठवीतला एक मुलगा रेल्वेच्या अपघातात गेला. मी स्टेशनवर गेले, त्याच्या घरी गेले, शोकसभा घेतली, वर्गाशी बोलले. त्याचं बाक हलवायचं नाही असं मुलांनी ठरवलं, ते मान्य केलं. सगळे म्हणाले, बाई किती धीराच्या. अकराव्या दिवशी जनरल रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढे 'मयत' असं लिहिताना माझं पेन पुढे सरकेना. लिपिकाने काही न बोलता दार लोटून घेतलं आणि माझ्यासमोर बसून राहिला. मी तेव्हा पहिल्यांदा रडले.

तुम्हालाही दुःख होणार आहे, फक्त सगळ्यांच्या नंतर. ते येईल त्यासाठी जागा ठेवा. पहिल्या आठवड्यात रोजची कामं दुसऱ्याकडे द्या, समुपदेशकाला मुलांसाठी बोलावलं तर अर्धा तास स्वतःसाठीही मागून घ्या. कुणी स्वतःचा जीव घेतल्याची घटना असेल, तर तपशील मुलांना सांगू नका, अफवा थांबवा आणि जवळच्या मित्रमैत्रिणींवर काही महिने लक्ष ठेवा. पहिल्या स्मृतिदिनाच्या आसपास सगळं पुन्हा वर येतं. तो आठवडा कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

टीईटीच्या निकालाने स्टाफ हादरलाय. त्यांना काय सांगू?

सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ ला दिलेल्या निकालानुसार पहिली ते आठवीच्या ज्या कार्यरत शिक्षकांची सेवा पाच वर्षांहून जास्त उरली आहे, त्यांना दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हायला सांगितलं आहे. सेवा त्याहून कमी उरली असेल तर नोकरी चालू राहते, पण टीईटीशिवाय बढती नाही. वीस वर्षं शिकवलेल्या माणसाला पुन्हा परीक्षार्थी व्हावं लागतं, यातली खंत मोठी आहे. तिच्यावर उपदेश नको. शाळा सुटल्यावर एक खोली अभ्यासाला उघडी ठेवा, आणि तुम्हालाही परीक्षा द्यायची असेल तर त्यांच्याबरोबर बसा. एका शाळेत मुख्याध्यापिका बालमानसशास्त्राचे प्रश्न सोडवायला स्टाफबरोबर बसू लागल्या, तेव्हा इतक्या वर्षांनी त्यांचा डबा पुन्हा स्टाफरूममध्ये उघडला गेला.

संस्थाचालकांना 'नाही' कसं म्हणायचं?

आकडे घेऊन आणि पर्याय घेऊन. 'जमणार नाही' याऐवजी 'स्नेहसंमेलन आणि सहामाही परीक्षा एकाच आठवड्यात आली तर इतके तास बुडतील, पुढच्या आठवड्यात घेऊ का?' असं मांडलं की बोलणं पुढे जातं. बेकायदा गोष्ट सांगितली, तर लेखी मागा. लेखी कुणी देत नाही आणि विषय तिथेच मिटतो, हा माझा अनुभव. खोट्या पटावर सही करू नका. त्या सहीचं ओझं निवृत्तीनंतरही उतरत नाही, हे मला ज्यांनी सांगितलं त्यांचा चेहरा मी विसरलेले नाही.

योग, ध्यान, प्राणायाम यांचा उपयोग होतो का?

होतो. मीही करते. मात्र शिक्षकांची चार पदं रिकामी असलेल्या शाळेच्या मुख्याध्यापकाला प्राणायामाचं शिबिर हे उत्तर म्हणून देऊ नये. झोप, चालणं आणि वेळेवर जेवण या तीन गोष्टी आधी सांभाळा. मधल्या सुट्टीत केबिनचं दार बंद करून पंधरा मिनिटं डबा खाणं हा तुमचा हक्क आहे.

प्रवासातच तीन तास जातात. स्वतःसाठी वेळ कुठून आणू?

बदलापूर किंवा विरारहून येणाऱ्यांचं हे दुखणं खरं आहे, आणि त्यावर माझ्याकडे जादू नाही. एक करून बघा: जाताना शाळेचं, येताना नाही. परतीच्या गाडीत ग्रुप उघडायचा नाही. लेडीज डब्यात भाजी निवडणाऱ्या, भजन म्हणणाऱ्या, वाढदिवसाला लाडू वाटणाऱ्या बायकांच्या ग्रुपमध्ये मी सात वर्षं होते. तिथे मला कुणी 'मॅडम' म्हणत नसे. रोजचा तो पाऊण तास मला पुन्हा माझ्यात आणायचा.

मदत घेतली तर बोभाटा होईल. 'हेडबाईंना मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं लागतं' असं लोक म्हणतील.

काही म्हणतीलही. पण कळायचं कारण नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २३ नुसार तुमच्या उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क तुम्हाला आहे.

टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठी फोनवर मदत देणारी केंद्र सरकारची मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. क्रमांक १४४१६. चोवीस तास आणि मराठीतही बोलता येतं. केईएम, सायन, नायर आणि कूपर या महापालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत, खर्च खासगीच्या मानाने फार कमी. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. तिथे मराठीत मोकळं बोलता येतं, आणि मला तरी स्वतःचं दुःख इंग्रजीत कधी सांगता आलं नाही.

जीव नकोसा वाटत असेल तर हे पान बाजूला ठेवा आणि आत्ता १४४१६ ला फोन लावा. घरात जे कुणी आहे त्याला शेजारी बसायला सांगा.

मुख्याध्यापकांचा गट सुरू करायचाय. कसा करू?

मनापासून आनंद झाला. चार ते सात माणसं पुरेत. एकाच संस्थेची किंवा एकाच वॉर्डातली नकोत, कारण मग माणसं जपून बोलतात. आमच्यात महापालिका शाळेचे एक सर आहेत, एक उर्दू माध्यमाच्या बाई आहेत, एक नवी मुंबईच्या. जागा स्टेशनजवळची हवी, नाहीतर दोन महिन्यांत गळती लागते.

आम्ही शनिवारी चार ते सहा बसतो. पहिली वीस मिनिटं चहा. मग प्रत्येकाने महिन्याभरातली एक जड गोष्ट सांगायची. ती सांगताना कुणी मध्ये सल्ला द्यायचा नाही, हा नियम पाळायला मुख्याध्यापकांना फार जड जातं, आपल्याला उत्तरं द्यायची सवय. सांगणाऱ्याने विचारलं तरच बोलायचं. मुलाचं, शिक्षकाचं, शाळेचं नाव घ्यायचं नाही. परिपत्रकांची चर्चा शेवटच्या वीस मिनिटांत, नाहीतर ती सगळी वेळ खाते. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला आहे, पण त्यावर फक्त पुढच्या बैठकीची तारीख येते.

पहिल्या दोन-तीन बैठका अवघडल्यासारख्या जातील. जो सुरुवात करतो त्याने आधी स्वतःचं काहीतरी खरं सांगावं. आमच्याकडे ती सुरुवात एका सरांनी केली. ते म्हणाले, "मी रोज सकाळी शाळेच्या कोपऱ्यावरच्या टपरीपाशी पाच मिनिटं थांबतो. आत जायला पाय उचलत नाही." सगळे गप्प झालो. मग पलीकडून एक बाई म्हणाल्या, "मी जिन्यात थांबते."

दोन वर्षांत निवृत्त होतेय. माझ्यानंतर येणाऱ्यासाठी काय ठेवून जाऊ?

फाइली तर द्यालच. त्याखेरीज एक पूर्ण दिवस नव्या मुख्याध्यापकाबरोबर शाळेत फिरा. कुठल्या खोलीत गळतं, कुठल्या मुलाच्या घरी रात्री भांडणं होतात, कुठल्या शिक्षिकेचे वडील आजारी आहेत, हे कुठल्याच रजिस्टरमध्ये नसतं.

मी टेबलाच्या उजव्या खणात एक कागद ठेवून आले. त्यावर दहा-बारा फोन नंबर होते: पाण्याचा पंप दुरुस्त करणारा, पोलीस ठाण्यातल्या महिला अधिकारी, कोपऱ्यावरचे डॉक्टर, मागच्या चाळीतले ते काका ज्यांच्या घरून २००५ मध्ये भात आला होता आणि आता त्यांची सून फोन उचलते. सगळ्यांत खाली माझा नंबर, आणि शेजारी लिहिलं होतं: 'रात्री अकरापर्यंत. त्यानंतर वाटलं तरी.' नव्या मुख्याध्यापकांनी तो पहिल्या आठवड्यात तीनदा लावला.